घोरपडीवर अडलंय! इतिहासाच्या गोष्टी मुलांना कशा वाचून दाखवता?

दोन_पिल्लांची_आई
जूनपासून मुलांना घरीच शिकवतोय, मोठा ८ वर्षांचा, धाकटी ५ ची. गणिताचं कसंबसं चाललंय पण इतिहास मी रोज दुपारी जेवणं झाली की वाचून दाखवते, बालभारतीचं चौथीचं शिवछत्रपती आणि माझ्या लहानपणीची दोन-तीन गोष्टींची पुस्तकं. परवा तानाजी काढला. मी अगदी रंगात आलेली, काळोखी रात्र, कडा, घोरपडीच्या कमरेला दोर... आणि मोठा मटार सोलता सोलता विचारतो, "आई, घोरपड किती किलोची असते?" म्हटलं असेल पाच-सहा. "आणि तानाजी?" संपलं सगळं. तेवढ्यात धाकटी सुरू, घोरपडीला लागलं का, तिला परत खाली कोणी आणलं. गड आला, सिंह गेला, पण आमच्याकडे सुतक घोरपडीचं 😅
आता ही दंतकथा आहे असं सरळ सांगू का? मग अफझलखान, आग्रा सगळंच खोटं वाटायला लागलं तर? सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरांपुढे चिकित्सा कशाला. नवरा नेहमीप्रमाणे तटस्थ.

गडवाटेवरचा_भटक्या
सांगून टाका बिनधास्त. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. पण लढाई खरीच आहे की, ४ फेब्रुवारी १६७०, समोर किल्लेदार उदेभान राठोड, आणि कोंढाणा म्हणजे १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावे लागलेल्या २३ किल्ल्यांपैकी एक. हे आधी सांगितलं की आपलाच किल्ला परत घ्यायला रात्री कडा का चढले हे पोरांना बरोबर कळतं, घोरपड नसली तरी अडत नाही. आणि सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांतही सापडतं, त्यामुळे त्या सुप्रसिद्ध वाक्याचंही जरा जपून 🙂
आमच्याकडे दोन शब्द ठरलेत, 'कागदातलं' आणि 'लोक सांगतात ते'. तोटा एवढाच की आता लेक दर दोन वाक्यांना थांबवून विचारते बाबा हे कागदातलं का, आणि निम्म्या वेळा मलाच माहीत नसतं.

आजी_ऑनलाईन
मला हे काही पटत नाही बाई. आधी गोष्ट पुरी होऊ दे, मग काय ते कागद काढा. पोवाडा डफावर ऐकायचा असतो, वजनकाट्यावर नाही. आणि वाचता कशाला, पुस्तक मिटून सांगा, पुस्तकात डोकं घातलं की पोरांचे चेहरे दिसत नाहीत. मी 'आधी लगीन कोंढाण्याचं' म्हणताना पोळी लाटायची थांबते, नातवंडं पण गप्प होतात. धाकटीला सांगा घोरपड आपल्या बिळात गेली नि झोपली.

सातासमुद्रापार_बाबा
आजी, सांगणं तुम्हाला जमतं हो, आम्ही इकडे पुस्तक मिटलं की अर्ध्या वाक्यात इंग्रजीत घसरतो 😀 म्हणून मी वाचूनच दाखवतो, आणि खलबत, फितुरी, माची असे शब्द सोपे करत नाही. परवा मुलगी फ्रीजजवळ भावाच्या कानात काहीतरी कुजबुजत होती, विचारलं तर म्हणे खलबत चाललंय.
पाच वर्षांच्या मुलीला आग्र्याची गोष्ट घ्या, ऑगस्ट १६६६. त्यात संभाजीराजे ९ वर्षांचे होते, म्हणजे जवळपास तुमच्या मोठ्याच्याच वयाचे, हे सांगितलं की बघा कान कसे टवकारतात. आमच्याकडे कपड्यांची बास्केट हा पेटारा होता, दोन आठवडे धुणं जमिनीवर.

दोन_पिल्लांची_आई
सगळ्यांना थँक्यू. रविवारी सरळ सिंहगडच गाठला. तानाजी कड्यावरून मोठा खाली बघत होता, मी मागून कॉलर धरून. बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "दोर वर बांधायला आधी कुणीतरी दोराशिवाय चढलं असणार ना, त्याचं नाव काय?" भटक्यादादा, हे कुठल्या कागदात आहे का?
धाकटी अर्धी पिठलं-भाकरी एका दगडावर ठेवून आली. कोणासाठी ते तुम्हाला कळलंच असेल.