मदत हवी आहे: 'डॉक्टर हू'सारखे प्रकाशाचे लोट कसे मिळवायचे?

मंडळी, आमच्या एकांकिकेत यानाचं उड्डाण दाखवायचंय आणि मला कॉम्प्युटर ग्राफिक्स अजिबात नकोत. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचं १९६३चं शीर्षकदृश्य आठवतंय? बर्नार्ड लॉज यांनी त्यात कॅमेरा त्याच्याच मॉनिटरवर रोखून मिळणारा फीडबॅक वापरला. ते धुरासारखे उसळणारे पांढरे लोट त्यातलेच. आवाज तर त्याहून भन्नाट. रॉन ग्रेनरची धून डेलिया डर्बीशायर यांनी टेपचे तुकडे कापून-जोडून उभी केली, आणि ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या तारेवर किल्ली घासून टार्डिसची (मालिकेतल्या यानाची) घरघर काढली!

आवाजाचं मी बघतो, तानपुऱ्याचा खर्ज आहेच (तानपुरावाल्या काकूंना अजून सांगितलेलं नाही). घोडं अडलंय चित्रापाशी. कॅमेरा एचडीएमआय केबलनं एलसीडी टीव्हीला जोडला की नुसते चौकोनात चौकोन दिसतात. झूम केलं की पडदा पांढराफटक. ऑटो एक्सपोजर बंद करूनही तेच.

यासाठी जुना डबा टीव्ही आणि हँडीकॅमच लागतो का? कॅमेरा किती तिरका धरायचा, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट कितीवर ठेवायचा? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर प्लीज सांगा. पुण्यात कुणाकडे चालू डबा टीव्ही पडून असेल तर तोही चालेल, न्यायला मी येईन.