मंगोलांचं राज्य सोयरिकीनं टिकलं की धाकानं?

धागाकर्ता
चंगीज खानाचं घोडदळ सगळे मोजतात, त्याच्या सोयरिकी कुणी मोजत नाही. लेकी कुठे दिल्या ते नकाशावर बघा. चेचेयिगेन ओइरात टोळीत, उत्तरेच्या जंगलापाशी. अल-अल्तान उइगुरांच्या इदिकुताला, म्हणजे राजाला, देऊ केली, पश्चिमेच्या व्यापारी वाटेवर. अलाका बेकी ओंगुत टोळीत, आणि उत्तर चीनमधल्या जिन राज्याची सीमेवरची तटबंदी राखायचं काम याच ओंगुतांकडे होतं! 1211 मध्ये जिनवर चढाई झाली तेव्हा ती वाट मोकळी मिळाली.

प्रतिसाद १
क्रम उलटा लागलाय. इदिकुत 1209 मध्येच शरण आला होता, मुलीचं वचन नंतरचं. ओंगुतांचा प्रमुख अलाकुश मंगोलांना मिळाला म्हणून त्याच्याच माणसांनी त्याला मारलं. सोयरिकीनं काय आवरलं? 1203 मध्ये चंगीजनं थोरल्या मुलासाठी, जोचीसाठी, केराइत टोळीच्या प्रमुखाच्या घरची चाउर बेकी मागितली. आधी नकार, मग अचानक साखरपुड्याच्या जेवणाचं आमंत्रण. तो सापळा होता. त्याच्या विश्वासातल्या मोंगलिकनं सावध केलं म्हणून चंगीज वाटेतून परतला. मग केराइतांचं पहाटे छापा घालायचं ठरलं, ते बादाई आणि किशिलिक या घोडे राखणाऱ्यांनी रातोरात येऊन सांगितलं.

धागाकर्ता
नकार का आला ते सांगितलं नाहीत. केराइतांचा प्रमुख ओंग खान, त्याचा मुलगा सेंगुम म्हणाला, आमची मुलगी तिकडे गेली तर दाराशी उभी राहील, त्यांची इकडे आली तर आत बसून दाराकडे बघेल. तंबूत दारासमोरची आतली जागा मानाची. सोयरीक म्हणजे कोण वर, कोण खाली याचा करार, हे सेंगुमला नेमकं कळलं होतं. केराइत हरल्यावर ओंग खानाची पुतणी सोरकाक्तानी चंगीजच्या धाकट्या मुलाच्या, तोलुईच्या घरात आली. तिच्या मुलांपैकी मोंगके 1251 मध्ये खान झाला, कुबलाई 1260 मध्ये, हुलागूनं इराण घेतलं.

प्रतिसाद २
सून आणणं आणि लेक देणं दोन्ही एकाच मापानं मोजताय. सुना मुख्यतः चंगीजची बायको बोर्ते हिच्या माहेरच्या, ओंगिरातांच्या. चंगीजनंतर खान झालेल्या त्याच्या मुलानं, ओगेदेईनं, 1237 मध्ये फर्मानच काढलं: त्यांच्या मुली राण्या होतील, मुलग्यांना राजकन्या मिळतील, पिढ्यानपिढ्या. यात धोका नव्हता, कारण खानपद बापाच्या वंशातूनच मिळे; मामा किंवा जावई कितीही बलाढ्य झाला तरी खान होत नसे. तैमूरनंही चंगीजवंशातल्या सराय मुल्क खानमशी लग्न करून ‘गुरगान’, म्हणजे जावई, एवढाच किताब लावला आणि खान म्हणून एक बाहुला बसवला. मुघल घराणं स्वतःला गुरगानी म्हणवी ते यावरूनच.

प्रतिसाद १
हे पटलं. पण लेकीबद्दल माझं म्हणणं कायम आहे: आधी शरणागती, मग सोयरीक. कोर्योच्या, म्हणजे तेव्हाच्या कोरियाच्या, युवराजाला कुबलाईची मुलगी 1274 मध्ये मिळाली. कोर्यो तर 1231 पासून जवळजवळ तीस वर्षं लढून 1259 मध्येच नमलं होतं, आणि जपानवरच्या स्वारीसाठी जहाजं बांधायचा हुकूमही लग्नाआधीच सुटला होता.