जुन्या सागवानी खिडक्या: काढाव्यात की दुरुस्त कराव्यात?

ओसरी:
इमारत सत्तरेक वर्षांची. खिडक्या बाहेर उघडणाऱ्या, ३ मिमी काचेच्या. चार झडपांची खालची पट्टी मऊ पडलीय, काच बसवायची लांबी (पुट्टी) तडकून पाणी झिरपतं, पावसात झडपा अडकतात आणि रस्त्याचा आवाज येतो. कंत्राटदार म्हणतो, चौकटीसकट काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या बसवू. खरंच गरज आहे का?

रंधा-पटाशी:
चार पट्ट्यांसाठी चौकटी उखडू नका. टोच्या घ्या आणि झडपांचे खालचे कोपरे, चौकटीचे पाय टोचून पाहा. टोच्या लगेच अडला तर लाकूड शाबूत, भुसभुशीत होऊन आत शिरला तर तो भाग गेला. कुज बहुधा सांध्यात सुरू होते, कारण लाकडाची कापलेली टोकं पाणी पितात.

कुजलेलं काढताना चांगल्या लाकडात ५० मिमी पुढे जा. काप तिरका घ्या, उतार बाहेरच्या बाजूला. नवा तुकडा सुक्या सागाचाच, रेषा जुळवून, इपॉक्सीने चिकटवा. साग तेलकट असतो, त्यामुळे चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसा, नाहीतर सांधा सुटतो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस वापरा.

लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. काचेच्या खाचेला आधी प्रायमर हवाच. कोरडं लाकूड लांबीतलं तेल ओढून घेतं आणि ती तडकते. दोन-तीन आठवड्यांनी वर साय धरली की रंग द्या, तो काचेवर २ मिमी चढू द्या. ही बारीक रेघच पाणी अडवते आणि नेमकी तीच बहुतेक जण पुसून टाकतात!

उभी-आडवी:
अडकणाऱ्या झडपांना पावसाळ्यात रंधा मारू नका, लाकूड सुकलं की फट पडेल. आधी बिजागरीचे स्क्रू आवळा, निम्म्या वेळा झडप नुसती उतरलेली असते. तासलेली कड, विशेषतः तळाची, रंगवल्याशिवाय सोडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नका. ओल्या पॉलिशपेपरने घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

ओसरी:
आणि आवाजाचं?

काचकाम:
आधी फटी बंद करा, झडपेभोवती रबरी पट्टी लावा. तेवढ्याने भागलं नाही तर आतल्या बाजूने १०० मिमी अंतर सोडून दुसरी काच बसवा. मूळ खिडकीला धक्काही लागत नाही. दोन रुळांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते आणि सरकण्यासाठी ठेवलेल्या फटींतून आवाज येतोच.

वाळवीने चौकट पोखरली असेल किंवा पाय आणि सिल (खिडकीच्या तळाची आडवी पट्टी) दोन्ही गेले असतील, तर तेवढी खिडकी बदला. पण लाकडीच, मूळ मापाची, आणि सिलच्या तळाला, बाहेरच्या कडेलगत, पाणी तोडणारी खाच पाडून घ्या. ती नसेल तर पाणी तळावरून उलटं सरकत भिंतीत जातं.