उपणणीचे ग्रीक अवजार: ‘सूप’ म्हणावे का?

ग्रीक शेतीतल्या ‘द्रेपानी’ला मराठी अनुवादात विळा म्हणताना अडचण येत नाही, आणि ‘अलोनी’ला खळे हा शब्द तर नेमका बसतो, तिकडे जुलैचे लोकभाषेतले नावच ‘अलोनारिस’, म्हणजे मळणीचा महिना, असे आहे. खरा पेच उपणणीच्या, म्हणजे वाऱ्यावर भूस उडवून धान्य वेगळे करण्याच्या, अवजाराचा आहे.

होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात द्रष्टा तिरेसियस नायक ओडिसियसला सांगतो, की खांद्यावर वल्हे घे आणि ज्यांना समुद्र ठाऊक नाही, जे अन्नात मीठ घालत नाहीत, अशा लोकांच्या मुलखापर्यंत चालत जा, वाटेत भेटलेला कोणी त्या वल्ह्याला ‘आथेरेलोइगोस’ म्हणाला, की ते तिथेच जमिनीत रोवून समुद्रदेव पोसायडनला बळी दे. ‘आथेर’ म्हणजे कुसळ आणि ‘लोइगोस’ म्हणजे नाश; म्हणजे कुसळांचा नाश करणारे, उपणणीचे अवजार. या जागी मराठीत ‘सूप’ लिहिले तर प्रसंगच कोसळतो, कारण वल्हे पाहून सुपाचा भास कोणाला होणार?

मुळात कामाची रीतच वेगळी आहे. आपल्याकडे वावडीवर, म्हणजे उपणणीच्या उंच तिवईवर, उभे राहून धान्य वरून खाली सोडतात आणि वारा भूस बाजूला नेतो. ग्रीक शेतकरी पूर्वापार खळ्यात उभा राहून मळलेला माल लांब दांड्याच्या लाकडी अवजाराने वर उधळत असे. होमरच्याच ‘इलियड’च्या तेराव्या सर्गात ग्रीक राजा मेनेलाउसच्या चिलखतावर आदळून उडालेल्या बाणाला दिलेली उपमा याच कामाची आहे: वाऱ्याच्या झोतात रुंद ‘प्त्युओन’वरून (हेच ते उपणणीचे अवजार) काळ्या शेंगांचे दाणे किंवा हरभरे उसळावेत, तसा तो बाण उसळला. (हरभऱ्याची उपमा मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही, हे अनुवादकाचे भाग्यच.)

‘प्त्युओन’पासूनच आजचा ‘फ्तियारी’ हा शब्द आला असून तो आता उपसण्याच्या अशा कोणत्याही अवजाराला चालतो; पण म्हणून इथे ‘फावडे’ लिहिणेही मला पटत नाही, कारण आपल्या फावड्याचे पाते दांड्याशी काटकोनात वळलेले असते आणि त्याने माती आपल्याकडे ओढतात. त्याचेही वल्ह्याशी साम्य नाही. तेव्हा एकाच शब्दाचा हट्ट न धरता ‘उपणणीची लांब दांड्याची फळी’ असे लिहावे, असे माझे मत आहे. भरड पेंढा उधळण्याच्या ‘थ्रिनाकी’ला मात्र ‘दाताळे’ म्हणण्यास हरकत नाही; दात लाकडी असतात, एवढे सोबत सांगितले की पुरे.