ऑर्लँडो डिस्ने: टूरिंग प्लॅन्सने दिलेलं वेळापत्रक किती पाळायचं?

वाघूरकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. उन्हाळी सुट्टीत न्यू जर्सीला दिरांकडे जातोय, तिथून मेच्या तिसऱ्या आठवड्यात ऑर्लँडो. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडमसाठी एकच दिवस आहे. आम्ही पाच जण: सासूबाई (६६, गुडघे दुखतात, जोराच्या राईडमध्ये बसणार नाहीत), आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची (१३८ सेंमी) आणि मुलगा ५ वर्षांचा (१०४ सेंमी). हॉटेल डिस्नेचं नाही, बाहेरचं आहे. गाडी भाड्याने घेणार.

टूरिंग प्लॅन्स या उद्यानातला दिवस आखून देणाऱ्या वेबसाइटची वर्गणी भरली, १४ राईड आणि दोन जेवणं टाकली आणि ऑप्टिमाइझ (सगळ्यांत सोयीचा क्रम लावणारं बटण) दाबलं. प्लॅन सकाळी ८:३० ला सुरू होतो आणि रात्री ९:४० ला संपतो. उद्यानाच्या या टोकाहून त्या टोकाला तीनदा पळवतो. हॉन्टेड मॅन्शन भर दुपारी, गर्दीच्या वेळी टाकलंय. असं का? उंचीच्या अटीमुळे मुलगा आणि सासूबाई बाहेर राहतील ते प्लॅनमध्ये कसं भरायचं? लाइटनिंग लेनचे, म्हणजे लांब रांग टाळून आत नेणाऱ्या वेगळ्या रांगेचे, पैसे मोजावेत का? आणि ऐन वेळी प्लॅन बिघडला तर काय करायचं?

तापीकाठ (भुसावळ)

ताई, सॉफ्टवेअरचं गणित बरोबर आहे, त्याला दिलेली माहिती तपासा.

पहिली गोष्ट ८:३० ची. तो अर्धा तास लवकर प्रवेश डिस्नेच्या आणि ठरावीक भागीदार हॉटेलांत उतरलेल्यांनाच मिळतो. तुमच्या प्लॅनमध्ये तो पर्याय चालू राहिलेला दिसतोय. तो बंद करा. उद्यान ९ ला उघडणार असेल तर तुमची सुरुवात ९ ची. याचा परिणाम मोठा आहे, कारण त्या अर्ध्या तासात फँटसीलँड आणि टुमॉरोलँड या विभागांमधल्या राईड चालू असतात. तुम्ही ९ ला आत पाऊल टाकाल तेव्हा सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसमोर रांग लागलेली असेल. मग सकाळी तिकडे धावण्यात अर्थ नाही, उलट बाजूला जंगल क्रूझपासून सुरू करणं फायद्याचं. पर्याय बंद करून पुन्हा ऑप्टिमाइझ केलंत की सकाळचा क्रम बराच बदललेला दिसेल.

दुसरं, पोहोचण्याची वेळ म्हणजे गाडी लावल्याची वेळ नव्हे. मॅजिक किंगडमचा गाडीतळ गेटजवळ नाही, ट्रान्सपोर्टेशन अँड टिकिट सेंटरपाशी आहे. तिथून तलावापलीकडे मोनोरेलने किंवा फेरीबोटीने जावं लागतं, मग बॅगा तपासणं, तिकीट स्कॅन. गाडी लावल्यापासून गेटच्या आत जाईपर्यंत पाऊण तास धरा. टॅक्सी केली तरी ती त्याच सेंटरला सोडते.

आता हॉन्टेड मॅन्शन. कुठली राईड लवकर करायची हे तिची रांग दुपारी किती मोठी असते यावर ठरत नाही. सकाळ आणि दुपारच्या रांगेत फरक किती पडतो यावर ठरतं. समजा पीटर पॅनला ९ ला १५ मिनिटं आणि १ ला ६० लागतात, म्हणजे फरक ४५. हॉन्टेड मॅन्शनला १० आणि ३५, फरक २५. सकाळचा मोलाचा वेळ पीटर पॅनला द्यायचा. याचं मूळ राईडच्या बांधणीत आहे. पीटर पॅनच्या एका होडीत दोन-तीनच माणसं बसतात, तासाला थोडेच लोक आत जातात. हॉन्टेड मॅन्शनच्या बग्ग्या एकामागोमाग एक न थांबता फिरत असतात, त्यामुळे रांग लांब दिसली तरी पुढे सरकते.

१४ राईडचे एकूण क्रम ८,७१७ कोटींच्या वर होतात आणि प्रत्येक राईडची रांग दिवसभर बदलत राहते. त्यामुळे कागदावर असा क्रम लावता येत नाही, सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथेच.

तंगडतोडीसाठी: सेटिंगमध्ये चालणं कमी की थांबणं कमी, हे ठरवायची पट्टी असते. ती तुमच्याकडे पूर्ण 'थांबणं कमी' कडे असणार. अर्ध्याच्या पुढे 'चालणं कमी' कडे सरकवा आणि चालण्याचा वेग सगळ्यांत मंद ठेवा. दोन-चार राईड कापाव्या लागतील, कापा. सासूबाई सोबत असताना १० राईड भरपूर झाल्या.

जुन्या ब्लॉगवरून यादी घेतली असेल तर टॉम सॉयर आयलंड आणि लिबर्टी स्क्वेअरची रिव्हरबोट त्यातून काढा. दोन्ही जुलै २०२५ मध्ये कायमची बंद झाली.

गिरणाथडी (चाळीसगाव)

उंचीचं मी सांगते. सेव्हन ड्वार्फ्सला ९७ सेंमी लागतात, टियानाज बायू अॅडव्हेंचरला १०२. मुलगा दोन्हीत बसेल. स्पेस माउंटनला ११२ आणि ट्रॉनला १२२ लागतात, तिथे तो नाही बसणार. मुलगी सगळीकडे चालेल. उंची बुटांसकट मोजतात, म्हणून जे बूट नेणार तेच घालून आत्ता घरी भिंतीशी मोजून ठेवा. १०२ ची अट आणि १०४ ची उंची यात फार जागा नाही; गेटवर रडारड नको.

अशा राईडसाठी डिस्नेत रायडर स्विच असतं. सगळ्यांनी मिळून राईडच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला सांगायचं. एक मोठं माणूस लहानग्यापाशी थांबतं, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेलं माणूस लाइटनिंग लेनने आत जातं, रांग पुन्हा लावावी लागत नाही. प्लॅनमध्ये याचं वेगळं खातं नाही, त्या राईडनंतर २५ मिनिटांचा ब्रेक टाकून द्यायचा.

पण तुमच्याकडे सासूबाई आहेत, त्यामुळे बहुधा याची गरजच नाही. स्पेस माउंटनच्या शेजारीच कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस आहे: थंडगार नाट्यगृह, २० मिनिटांच्या आसपासचा खेळ, खुर्चीत बसून बघायचा, सहसा थांबावं लागत नाही. आजी आणि नातू तिथे, तुम्ही तिघं स्पेस माउंटनला. रांग ४० मिनिटांच्या वर दिसली तर मात्र रायडर स्विचच घ्या, दोघांना तासभर ताटकळत ठेवू नका.

गुडघ्यांसाठी राईडचं नाव बघू नका, चढायचं कसं ते बघा. स्मॉल वर्ल्ड आणि जंगल क्रूझला व्हीलचेअरसकट जाता येईल अशा होड्या असतात, कर्मचाऱ्याला आधी सांगायचं. फिलहारमॅजिक नाट्यगृहच आहे. हॉन्टेड मॅन्शनला सरकत्या पट्ट्यावरून बग्गीत बसायचं असतं, पण सांगितलं तर पट्टा हळू करतात. पीटर पॅनचा पट्टा थांबवत नाहीत, तिथे सासूबाईंना बाहेर बसवा. व्हीलचेअर गेटपाशीच भाड्याने मिळते. "मी चालेन की" असं त्या म्हणतील, तरी सकाळीच घ्या. दुपारपर्यंत संपलेल्या असू शकतात.

ऊन म्हणाल तर जळगावच्या ४५ अंशांपुढे तिथले ३२-३३ काहीच नाहीत असं वाटतं. पण हवा दमट, घाम वाळत नाही, आणि त्यानेच माणूस थकतं. १ ते ३ घरातल्या वामकुक्षीची वेळ आहे असं समजून प्लॅनमध्ये ब्रेक टाका. हॉटेलवर परत जाऊ नका, जाण्यायेण्यातच दोन तास मोडतात. थंड जागी जेवण आणि एक-दोन खेळ, बस्स.

खाण्याची चिंता नको. काचेची बाटली आणि दारू सोडून घरचं खाणं आत नेता येतं. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, शेव, केळीचे वेफर्स सगळं चालतं. बर्फ घातलेलं पाणी काउंटरवर फुकट मिळतं. मेनूमध्ये हिरव्या पानाची खूण असलेला पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य, अंडंसुद्धा नाही.

पांझरा (धुळे)

लाइटनिंग लेनबद्दल. तुमच्या कामाचे दोन प्रकार आहेत. मल्टी पासमध्ये तीन राईड आधी निवडता येतात, मॅजिक किंगडमला एक वरच्या (जास्त मागणीच्या) गटातली आणि दोन खालच्या. एक वापरली की चौथी घेता येते, अशी साखळी चालू राहते. सिंगल पास म्हणजे एकाच राईडचे वेगळे पैसे, ट्रॉनसारख्या सर्वाधिक मागणीच्या राईडसाठी. दर दिवसागणिक बदलतात आणि माणशी लागतात.

बाहेरच्या हॉटेलवाल्यांना ३ दिवस आधी बुकिंग करता येतं (डिस्नेच्या हॉटेलात ७ दिवस), तिथल्या सकाळी ७ ला. तुम्ही तेव्हा न्यू जर्सीत असाल, म्हणजे तुमचेही सकाळचे ७ च. भारतातून करणाऱ्यांसाठी मेमध्ये ते दुपारी ४:३० होतात. त्याआधी माय डिस्ने एक्सपिरियन्स अॅपमध्ये पाचही तिकिटं एका खात्याला जोडलेली हवीत आणि बँकेच्या अॅपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले हवेत. नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. पैसे भरताना कार्ड अडलं की हवी ती वेळ हातची जाते.

एका दिवसासाठी मल्टी पास घ्याच, पण चौघांचा. सासूबाई फारशा राईडला बसणार नाहीत, त्यांचे पैसे वाचवा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मल्टी पासच्या वेळा घ्या, त्या प्लॅनमध्ये भरा आणि मगच ऑप्टिमाइझ करा. उलटं केलं तर प्लॅनने आखलेली वेळ प्रत्यक्षात मिळत नाही. ज्या राईड सकाळी पहिल्या तासात तशाच उरकतात त्यांच्यावर पास घालवू नका. आणि पहिला पास १० ते ११ च्या आसपासचा घ्या. दुपारी ३ चा घेतलात तर तोवर चौथी राईड घेता येणार नाही, अर्धा पास वाया.

तारीख अजून हलवता येत असेल तर मेच्या शेवटच्या सोमवारला लागून असलेले शनिवार-रविवार टाळा. मेमोरियल डेची सुट्टी असते.

वाघूरकाठ (जळगाव)

खूप आभार. लवकर प्रवेशाचा पर्याय खरंच चालू होता. बंद करून, १० राईड आणि १ ते ३ चा ब्रेक टाकून पुन्हा केलं. आता ८:०५ ला संपतोय. सेव्हन ड्वार्फ्स शेवटची आली. ऐन वेळी पाऊस आला तर?

तापीकाठ (भुसावळ)

शेवटची आली ते चांगलंच. उद्यान बंद व्हायच्या मिनिटाआधी रांगेत शिरलात तरी राईड मिळते. बंद होण्याच्या सुमारास फलकावरची वेळ बऱ्याचदा फुगवलेली असते, तिला घाबरून परतू नका. टूरिंग प्लॅन्सचं लाइन्स अॅप फलकावरची आणि प्रत्यक्ष अपेक्षित अशा दोन्ही वेळा दाखवतं, प्रत्यक्षची बघा.

विजांचं मात्र सॉफ्टवेअरला कळत नाही. ऑर्लँडोत उन्हाळा लागला की दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, आणि वीज जवळ आली की जंगल क्रूझ, सेव्हन ड्वार्फ्स, टियाना, डम्बो या उघड्यावरच्या राईड थांबवतात. म्हणून जंगल क्रूझ आणि टियाना १ च्या आत ठेवा. टियानात भिजायला होतं, लगेच एसी नाट्यगृहात जाऊ नका. पावसासाठी पायरेट्स, स्मॉल वर्ल्ड, हॉन्टेड मॅन्शन राखून ठेवा.

ऐन वेळी मागे पडलात तर लगेच ऑप्टिमाइझ नका दाबू. झालेल्या राईडवर खूण करा आणि आधी इव्हॅल्युएट दाबा. ते क्रम तसाच ठेवून वेळा नव्याने सांगतं. अर्ध्या तासाहून जास्त घसरलं असेल किंवा एखादी राईड बंद पडली असेल तरच पुन्हा ऑप्टिमाइझ. दर राईडनंतर दाबत बसलं की प्लॅन दर वेळी नवी दिशा दाखवतो आणि माणसं नुसती फिरत राहतात. फोन एकाच्याच हातात असू द्या, पॉवर बँक नक्की न्या.

फटाक्यांचा शो बघायचा असेल तर किल्ल्यासमोर पाऊण तास आधी जागा धरावी लागते, तेवढा ब्रेक टाका. आतषबाजी चालू असताना लांबच्या राईडच्या रांगा ओसरतात. मुलांना शो नको असेल तर सेव्हन ड्वार्फ्स तेव्हाच उरका.

परतताना मोनोरेलची रांग लांब दिसली तर फेरीबोट बघा, तिच्यात एका वेळी कितीतरी जास्त माणसं मावतात. आणि गाडी लावल्याबरोबर विभाग आणि ओळीच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. तो तळ फार मोठा आहे, अंधारात सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.