मदत हवी आहे: नेटवर्कवरच्या सगळ्या सर्व्हरांची एडिशन स्क्रिप्टने कशी काढायची?

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं आयटी बघतो. दुसरा प्लांट कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, दोन्हीकडं एकच डोमेन (सगळी खाती नि मशीनं एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था). साठेक विंडोज सर्व्हर आहेत, त्यातले बरेचसे हायपर-व्हीवरचे (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) व्हर्च्युअल.

लायसन्सचं ऑडिट लागलंय. साहेबांना प्रत्येक सर्व्हरपुढं नुसतं २०१२ की २०१९ एवढं नको, एडिशनही पाहिजे: स्टँडर्ड, डेटासेंटर की जुनं एंटरप्राइझ. एकेका मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जाऊन बघायचं म्हटलं तर दिवाळी उजाडेल.

अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (डोमेनची नोंदवही) यादी काढली, पण तिच्यात कधीच भंगारात गेलेली मशीनंही आहेत आणि वर्कग्रुपवरची (डोमेनबाहेरची) अजिबात नाहीत. म्हणून पॉवरशेलमध्ये (विंडोजची स्क्रिप्टची भाषा) गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट, म्हणजे डब्ल्यूएमआय या मशीनची माहिती विचारायच्या सोयीची कमांड, वापरून विन३२_ऑपरेटिंगसिस्टिम क्लासमधलं कॅप्शन (विंडोजचं पूर्ण नाव) घेतो, त्यात 'विंडोज सर्व्हर २००८' वगैरे शोधतो आणि सीएसव्हीत टाकतो. अडचणी अशा:

वजनकाट्याचा २००३ आणि दोन-तीन २००८ चे सर्व्हर चालू असूनही यादीत येत नाहीत.

कागलच्या बहुतेक सर्व्हरांना 'आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल' येतं. पिंग मात्र व्यवस्थित जातो.

काहींच्या कॅप्शनमध्ये शेवटी 'इव्हॅल्युएशन' (चाचणीपुरती आवृत्ती) दिसतंय. हे कुठल्या खात्यात धरायचं?

गावभाग_अ‍ॅडमिन:
भावा, कॅप्शनवर जुळणी करायचा नाद सोड. २००३ च्या कॅप्शनमध्ये 'विंडोज' शब्दानंतर कंसातला आर येतो, २००८ मध्ये 'सर्व्हर'नंतर ट्रेडमार्कचं चिन्ह. तुझा शोध तिथंच गळतो. त्याच क्लासमध्ये ऑपरेटिंगसिस्टिमएसकेयू (एडिशनचा आकडी कोड) आहे, तो आकडा घे. ७ म्हणजे स्टँडर्ड, ८ डेटासेंटर, १० एंटरप्राइझ. ७९ आणि ८० ही स्टँडर्ड नि डेटासेंटरची इव्हॅल्युएशन. हा आकडा २००३ मध्ये मिळत नाही, तेवढ्यापुरतं कॅप्शनमधला एडिशनचा शब्द बघ. व्हर्जनसाठी बिल्डनंबर: २०१२ आर२ चा ९६००, २०१६ चा १४३९३, २०१९ चा १७७६३, २०२२ चा २०३४८.

आणि उत्तर न देणाऱ्या सर्व्हरची ओळ गाळू नको. ट्राय-कॅच लावून एररच त्या ओळीत लिही. नाहीतर ऑडिटर विचारणार, राहिलेली कुठं गेली?

उद्यमनगर:
कागलचं दुखणं फायरवॉलचं वाटतंय. डब्ल्यूएमआय जुन्या पद्धतीने आधी १३५ पोर्टवर बोलतं आणि मग ४९१५२ च्या पुढचं कुठलंही पोर्ट पकडतं. पिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोन प्लांटच्या मध्ये एवढी रेंज उघडी टाकण्यापेक्षा विनआरएमचं (दुसऱ्या मशीनशी बोलायची विंडोजची नवी सोय) ५९८५ हे एकच पोर्ट उघडा आणि गेट-सिमइन्स्टन्स वापरा. जुन्या सर्व्हरांना डीकॉम (वरची जुनी पद्धत) प्रोटोकॉल सांगून वेगळं सिमसेशन (जोडणी) करावं लागेल. नाहीतरी पॉवरशेल ७ मध्ये गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट उरलेलंच नाही. वर्कग्रुपवाल्यांना वेगळं क्रेडेन्शियल लागेल, पण पासवर्ड कृपा करून स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका.

एक महत्त्वाचं. स्क्रिप्ट काय बसवलंय ते सांगते, काय विकत घेतलंय ते सांगत नाही. लायसन्स होस्टच्या (व्हर्च्युअल सर्व्हर चालवणाऱ्या मूळ मशीनच्या) फिजिकल कोअरवर मोजतात. होस्टचे सगळे कोअर एकदा स्टँडर्डने भरले की दोन व्हर्च्युअल सर्व्हर चालतात, डेटासेंटरने भरले तर हवे तेवढे. म्हणून कुठला व्हर्च्युअल कुठल्या होस्टवर आहे हा रकाना पाहिजेच. हायपर-व्हीच्या गेस्टमध्ये (व्हर्च्युअल सर्व्हरमध्ये) रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, व्हर्च्युअल मशीन, गेस्ट, पॅरामीटर्स असं आत गेलं की फिजिकलहोस्टनेम मिळतं.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. विनआरएम ग्रुप पॉलिसीने (डोमेनभर एकदम लागू होणारी सेटिंग) चालू केलं, कागलची मशीनं बोलायला लागली. २००३ आणि २००८ पण आले. होस्टच्या रकान्याचं डोक्यातच नव्हतं, ऑडिटरने नेमकं तेच विचारलं असतं.

आता इव्हॅल्युएशनचं सांगा. मागच्या व्हेंडरने बसवून दिलेली आहेत, त्यातला एक डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) आहे.

गावभाग_अ‍ॅडमिन:
इव्हॅल्युएशन १८० दिवसांचं असतं. मुदत संपली की सर्व्हर तासाभराने आपोआप बंद पडायला लागतो, तेव्हा आधी एसएलएमजीआर ही कमांड चालवून किती दिवस उरलेत बघ. रिटेल 'की' (विकत घेतलेल्या लायसन्सचा कोड) असेल तर डिझम कमांडच्या सेट-एडिशनने पक्कं करता येतं, फॉरमॅटची गरज नाही. स्टँडर्ड इव्हॅल्युएशनचं स्टँडर्ड किंवा डेटासेंटर होतं, पण डेटासेंटर इव्हॅल्युएशनचं स्टँडर्ड होत नाही, तेव्हा 'की' मागवायच्या आधी आकडा ७९ आहे की ८० ते बघ. डोमेन कंट्रोलर असताना हे चालत नाही. दुसरा कंट्रोलर उभा कर, रोल तिकडं हलव, मग ह्याला डिमोट करून (कंट्रोलरपदावरून उतरवून) बदल. आणि हे शनिवारी रात्री कर, पगाराच्या दिवशी नको.