लेजेंडरी, मिथिकल, स्यूडो, पॅराडॉक्स... बॉक्स लावायचे कसे?

प्रश्न:
वेगवेगळ्या गेममधले सगळे पोकेमॉन 'पोकेमॉन होम' या साठवणीच्या ॲपमध्ये आणलेत आणि आता त्यातले बॉक्स (कप्पे) लावायला घेतलेत. लेजेंडरी (दंतकथेतले दुर्मिळ), मिथिकल (त्याहून दुर्मिळ) आणि बाकीचे खास असे वेगळे हवेत. म्यूटू, लुगिया लेजेंडरी, त्यांचा प्रश्न नाही. पण गारचॉम्पच्या बेस स्टॅटची (जातीच्या मूळ ताकदीच्या आकड्यांची) बेरीज ६००, सेलेबीचीही ६००च, मग सेलेबी मिथिकल आणि गारचॉम्प साधा असं का? फिओनी कुठे ठेवू? कोरायडॉन पॅराडॉक्समध्ये (ओळखीच्या पोकेमॉनची प्राचीन किंवा भविष्यातली रूपं) की लेजेंडरीत? आणि शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचे?

उत्तर:
ताकदीवरून ठरवायला गेलात तर घोळ होणारच. स्लेकिंगची बेरीज ६७०, थेट कोरायडॉनएवढी, तरी तो लेजेंडरी नाही. उलट कॉसमॉगची जेमतेम २००, आणि तो लेजेंडरी. हा शिक्का बनवणारेच त्या जातीवर मारतात.

कुठे मिळतो यावरूनही ठरत नाही. मिथिकल पूर्वी बहुतेक इव्हेंटमधूनच (ठरावीक काळाच्या खास वाटपातून) मिळायचे, पण २०१४ च्या ओमेगा रुबी आणि अल्फा सफायर या गेममध्ये डीऑक्सिस खेळता खेळता पकडता येतो. तरी तो मिथिकलच राहिला.

गारचॉम्पला स्यूडो-लेजेंडरी म्हणतात, पण हे नाव खेळणाऱ्यांनी पाडलंय. तीन टप्प्यांची उत्क्रांती, बेरीज बरोबर ६००, आणि लेव्हल १०० ला पोचायला १२,५०,००० एक्सपीरियन्स पॉइंट. ड्रॅगनाइट, टायरॅनिटार याच पंगतीतले. गिबलची (गारचॉम्पचं पहिलं रूप) अंडी हवी तेवढी काढता येतात, लेजेंडरीची येत नाहीत. म्हणून माझ्याकडे स्यूडोंना वेगळा बॉक्स नाही, ते आपापल्या नंबरावर.

फिओनीचा प्रश्न मला फार आवडतो. मॅनाफी हा मिथिकल आणि कुणाशीही जोडी जमणारा डिटो डेकेअरमध्ये (गेममधलं पोकेमॉनचं पाळणाघर) ठेवले की अंड्यातून फिओनी निघतो, आणि तो कितीही वाढवला तरी मॅनाफी होत नाही. बेरीज ४८०. मिथिकल म्हणावं की नाही यावर भांडणं चालूच असतात. मी त्याला मॅनाफीच्या शेजारी ठेवतो. आईबापापासून तोडायचं कशाला?

अल्ट्रा बीस्ट (दुसऱ्या मितीतून आलेले पोकेमॉन) मात्र नक्की वेगळे काढा. एकूण ११ आहेत, आणि ही रेघ खुद्द गेमने ओढलीय: बीस्ट बॉल हा पकडायचा खास बॉल त्यांच्यावर पाचपट चालतो, इतरांवर साध्या बॉलच्या एक दशांश. लेजेंडरीवर बीस्ट बॉल टाकून बघा, किती छळतो ते कळेल.

दुसरं उत्तर:
वरच्यांशी सहमत. कोरायडॉन दोन्ही आहे, पण लेजेंडरीतच ठेवा. अधिकृत स्पर्धांच्या नियमांत तो म्यूटूसारखाच रिस्ट्रिक्टेड (संघात घेण्यावर बंधन असलेला) धरतात, आयर्न हँड्स या साध्या पॅराडॉक्सला तसं बंधन नाही.

शायनी हा त्या एका पोकेमॉनचा गुण आहे, जातीचा नाही. शक्यता पूर्वी ८१९२ मध्ये एक होती, २०१३ च्या एक्स आणि वाय या गेमपासून ४०९६ मध्ये एक. म्हणून माझा शायनी मॅजिकार्प साध्या मॅजिकार्पच्या बाजूलाच असतो. दोघं शेजारी असले की लाल आणि सोनेरी फरक लगेच नजरेत भरतो.

प्रश्नकर्ता:
आभार! फिओनी हलवला. आता मेल्टन? पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये मिस्टरी बॉक्स (उघडला की मेल्टन येतात ती वस्तू) उघडून ढिगाने पकडलेत, मिथिकल म्हणायला जीव होत नाही.

उत्तर:
मिथिकलच. ४०० कँडी घालून त्याचं पुढचं रूप मेलमेटल केलात तर तोही मिथिकल. गोमध्ये मिथिकलांपैकी ट्रेड होतात ते हे दोघेच, तेव्हा ढिगातले जास्तीचे मित्रांना द्या.